आयात सोया तेल, दक्षिण अमेरिकेतील जंगलतोड आणि आपण विचारत नसलेले प्रश्न

अस्मिता_नाशिक

नमस्कार. आमच्या ग्राहक अभ्यासगटाने पुढील बैठकीसाठी खाद्यतेलाचा विषय घेतला असून त्यातील सोयाबीन तेलाची मांडणी माझ्याकडे आहे. लातूरपासून वाशीमपर्यंत एवढे सोयाबीन पिकत असताना आपल्या स्वयंपाकघरातील सोया तेल मात्र मोठ्या प्रमाणावर अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येते, हे गटातील अनेकांना ठाऊक नव्हते. २०२३-२४ या तेलवर्षात, म्हणजे नोव्हेंबर ते ऑक्टोबर या काळात, भारताने सुमारे ३४ लाख टन सोया तेल आयात केले आणि पुढच्याच वर्षी हा आकडा ५५ लाख टनांच्या जवळ गेला. देशातील गाळपातून निघणारे तेल त्याच्या निम्मेही भरत नाही.

ज्या देशांतून हे तेल येते तेथे सोयाबीनसाठी जंगल तुटते, ही चर्चा गेली वीस वर्षे चालू आहे. ॲमेझॉनमध्ये नव्याने तोडलेल्या जमिनीवरचे सोयाबीन विकत घ्यायचे नाही, असा करार मोठ्या व्यापारी कंपन्यांनी २००६ मध्ये केला आणि युरोपीय संघाने २०२३ मध्ये तशा अर्थाचा कायदाच केला. वाचताना मला दोन टोकांची मते सापडली. काहींच्या मते हा करार जंगल वाचवण्याच्या प्रयत्नांतील सर्वांत यशस्वी उदाहरण आहे, तर काहींच्या मते त्यामुळे तोड थांबली नाही, फक्त शेजारच्या प्रदेशात सरकली. यांपैकी खरे काय, प्रमाणपत्र असलेले सोयाबीन म्हणजे नेमके काय, आणि या सगळ्यात भारतासारख्या मोठ्या खरेदीदाराला कोणी काही विचारत का नाही, हे मला समजून घ्यायचे आहे. घोषणाबाजीपेक्षा माल प्रत्यक्षात कसा फिरतो हे सांगणारी उत्तरे मिळाली तर अधिक उपयोग होईल.

रॉटरडॅमकर

मी नेदरलँड्समध्ये पशुखाद्याच्या कच्च्या मालाच्या तपासणीचे काम करतो, त्यामुळे माल कसा फिरतो या भागापुरते सांगू शकतो.

सोयाबीन हे जागतिक बाजारात मुख्यतः तेलबी म्हणून विकले जात नाही, हे आधी लक्षात घेणे आवश्यक आहे. एक टन दाणा गाळला तर साधारण आठशे किलोंच्या आसपास पेंड आणि एकशे ऐंशी ते एकशे नव्वद किलो तेल मिळते. जगातील सोयाबीनचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कोंबड्या, डुकरे, गाई आणि मासे यांच्या खाद्यात जातो. चीन दरवर्षी दहा कोटी टनांच्या आसपास दाणा आयात करतो, म्हणजे जागतिक व्यापारातील निम्म्याहून बराच अधिक, आणि तो जवळजवळ सगळा पेंडेसाठी. त्यामुळे युरोपात जंगलाचा प्रश्न ज्यांनी लावून धरला ते मांस, अंडी आणि दूध विकणारे मोठे दुकानदार होते. तेलाच्या गिऱ्हाइकाने तो विचारल्याचे मी फारसे पाहिलेले नाही.

आता प्रमाणपत्राविषयी. ब्राझीलच्या माटो ग्रोसो राज्यातील शेतातून निघालेला ट्रक आधी जवळच्या कोठारात रिकामा होतो, तेथे शेकडो शेतांचा माल एकत्र होतो, पुढे तो बीआर-१६३ या महामार्गाने उत्तरेला मिरिटिटुबा या नदीबंदरापर्यंत जाऊन बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावेत, चढतो किंवा दक्षिणेला सांतोस बंदराकडे जातो, आणि अखेर साठ-पासष्ट हजार टनांच्या जहाजात पडतो तेव्हा कोणता दाणा कोणाच्या शेतातला हे सांगणे अशक्य झालेले असते. प्रमाणित माल वेगळा ठेवायचा तर कोठार, ट्रक, बार्ज आणि जहाजाचा कप्पा असे सगळेच वेगळे ठेवावे लागते आणि तो खर्च कोणालाच नको असतो. म्हणून बहुतेक योजनांनी तडजोडीचे मार्ग काढले. २००६ मध्ये स्थापन झालेल्या राउंड टेबल ऑन रिस्पॉन्सिबल सोय या संस्थेच्या पद्धतीत माल पूर्णपणे वेगळा ठेवता येतो, किंवा जितका प्रमाणित माल आत आला तितकाच प्रमाणित म्हणून बाहेर विकण्याचा हिशेब ठेवता येतो, किंवा नुसते क्रेडिट विकत घेता येते. क्रेडिटच्या व्यवहारात ब्राझीलमधील एखादा शेतकरी नियम पाळून एक टन पिकवतो, त्याबद्दल युरोपातील कंपनी त्याला पैसे देते, आणि कंपनीच्या कारखान्यात येणारा दाणा मात्र बाजारातील कोणताही असू शकतो. यात फसवणूक नाही, कारण पैसा खऱ्या शेतकऱ्याला मिळतो. परंतु पाकिटावरील मजकूर वाचणाऱ्याची समजूत वेगळी होते. शिवाय अशा प्रमाणित मालाचा जागतिक उत्पादनातील वाटा अजून काही टक्क्यांपलीकडे गेलेला नाही.

युरोपच्या २०२३ च्या कायद्याने ही क्रेडिटची वाट बंद केली. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल युरोपच्या बाजारात आणता येणार नाही, आणि प्रत्येक खेपेसोबत शेताचे स्थान अक्षांश-रेखांशासह द्यावे लागेल, असे तो सांगतो. चार हेक्टरांहून मोठ्या शेताची संपूर्ण सीमारेषा, लहान शेताचा एक बिंदू पुरे. अंमलबजावणी डिसेंबर २०२४ मध्ये व्हायची होती. ती एकदा २०२५ वर आणि नंतर मोठ्या कंपन्यांसाठी डिसेंबर २०२६ वर ढकलली गेली. ज्या कंपन्यांनी वेळेत तयारी करून खर्च केला त्यांच्यावर याचा काय परिणाम झाला असेल याची कल्पना आपण करू शकता.

खरी अडचण या दिरंगाईपेक्षा मोठी आहे. ब्राझीलमधून निर्यात होणाऱ्या दाण्याचा सुमारे सत्तर टक्के भाग चीनला जातो. युरोपला स्वच्छ माल हवा असेल तर व्यापारी जुन्या, निर्धोक शेतांचा माल युरोपच्या जहाजात भरतील आणि उरलेला अन्यत्र पाठवतील. शेती तीच राहील, तोडही तीच राहील, फक्त पाठवण्याचा पत्ता बदलेल. विचारणारा आणि न विचारणारा असे दोन गिऱ्हाईक बाजारात असेपर्यंत हे होत राहणार, आणि न विचारणाऱ्यांत आपण आहोत.

भूगोलवाला

वरील प्रतिसादातील शेवटच्या परिच्छेदाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु २००६ च्या कराराला त्यातून कमी लेखले जाऊ नये असे वाटते.

एप्रिल २००६ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने ॲमेझॉनमधील सोयाबीन युरोपातील कोंबड्यांच्या खाद्यापर्यंत कसे पोहोचते याचा माग काढणारा अहवाल प्रसिद्ध केला. मोठ्या खाद्यसाखळ्यांनी आपल्या पुरवठादारांना जाब विचारला, आणि तीनच महिन्यांत ब्राझीलमधील गाळपदार व निर्यातदारांच्या दोन संघटनांनी, ज्यांत कारगिल, बंगी, एडीएम, लुई ड्रायफस आणि आमाज्जी यांच्यासारखे खरेदीदार होते, नव्या तोडीवरील सोयाबीन न घेण्याचे मान्य केले. उपग्रहाची छायाचित्रे पाहून कोणत्या तुकड्यावर तोडीनंतर सोयाबीन पेरले गेले हे ठरवले जाई आणि त्या शेतकऱ्याचा माल सगळेच नाकारत. सगळेच नाकारत, हे महत्त्वाचे. त्यामुळे दुसरा दरवाजा ठोठावण्याची सोय राहिली नाही. सायन्स या नियतकालिकात २०१५ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार करारापूर्वी ॲमेझॉन भागातील सोयाबीनच्या विस्तारापैकी सुमारे तीस टक्के विस्तार थेट जंगलतोडीतून होत होता, तो २०१४ पर्यंत एक टक्क्यावर आला. त्या काळात तेथील सोयाबीनचे क्षेत्र वाढतच होते, मात्र ते आधीच मोकळ्या झालेल्या कुरणांवर वाढले. म्हणजे उत्पादन वाढवण्यासाठी जंगल तोडावेच लागते हा दावा त्या प्रदेशापुरता तरी खोटा ठरला.

उणिवाही होत्याच. करार फक्त सोयाबीनच्या तुकड्याकडे पाहत असे, संपूर्ण शेतीकडे नाही. त्यामुळे एकाच मालकाने एका बाजूला जंगल तोडून गुरे सोडली आणि दुसऱ्या बाजूला जुन्या जमिनीवर सोयाबीन घेतले तर ते सोयाबीन निर्दोष ठरत असे. कुरण विकत घेऊन त्यावर सोयाबीन आले की गुरे जंगलाच्या काठाकडे सरकतात, ही साखळीही त्याच्या नजरेबाहेर होती. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे तो ॲमेझॉनच्या सीमेवर थांबत असे.

त्या सीमेच्या दक्षिणेला आणि पूर्वेला सेराडो आहे. सुमारे वीस लाख चौरस किलोमीटरचा हा गवताळ, झुडपांचा आणि विरळ झाडांचा प्रदेश दिसायला आपल्या माळरानासारखा असल्यामुळे त्याच्यासाठी कोणी फारसे अश्रू ढाळत नाही. त्याची जवळजवळ निम्मी मूळ वनस्पती नाहीशी झाली आहे. ब्राझीलच्या वनसंहितेनुसार ॲमेझॉनच्या जंगलात जमीनमालकाने ऐंशी टक्के जमीन राखीव ठेवायची असते, सेराडोत मात्र बहुतेक ठिकाणी वीस टक्के आणि 'कायदेशीर ॲमेझॉन' म्हणून कायद्याने आखलेल्या हद्दीत पडणाऱ्या भागात पस्तीस टक्के. म्हणजे उरलेली जमीन परवाना घेऊन रीतसर साफ करता येते. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या वर्षात ब्राझीलच्या अंतराळ संशोधन संस्थेने ॲमेझॉनमध्ये सुमारे ९,००० चौरस किलोमीटर आणि सेराडोत सुमारे ११,००० चौरस किलोमीटर तोड नोंदवली. पुढच्या वर्षी दोन्ही आकडे उतरले, तरी सेराडोचा आकडा वरच राहिला. नव्या सोयाबीनचा मोठा भाग मारान्याओ, तोकांतिन्स, पियावी आणि बाहिया या चार राज्यांच्या सीमाभागात, ज्याला मातोपिबा म्हणतात, तेथे पसरत आहे. २०१७ मध्ये ब्राझीलमधील अनेक पर्यावरण संघटनांनी सेराडोसाठीही तोड थांबवण्याचे आवाहन केले, युरोपातील अनेक दुकानदारांनी त्याला पाठिंबा दिला, परंतु २००६ सारखा सर्व व्यापाऱ्यांचा करार झाला नाही.

सेराडोतील झाडांची मुळे खोल जातात आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरवतात. साओ फ्रान्सिस्को, तोकांतिन्स आणि पारानाच्या अनेक उपनद्या तेथेच उगम पावतात. पश्चिम बाहियात फिरती सिंचनयंत्रे एवढी वाढली की नोव्हेंबर २०१७ मध्ये कोरेंतिना या गावात पाण्यावरून उद्रेक झाला आणि हजारो लोक रस्त्यावर उतरले. हा भाग 'जंगल वाचवा' या चौकटीत बसत नाही. युरोपच्या कायद्यातील जंगलाची व्याख्या, म्हणजे पाच मीटरांहून उंच झाडे आणि दहा टक्क्यांहून अधिक छत्र, सेराडोच्या मोठ्या भागाला लागूच होत नाही. तेव्हा तोड सरकली हे विधान मी थोडे बदलून म्हणेन की जेथे नियम नव्हता तेथे ती आधीपासून चालू होती आणि नियमाने तिला तेथे मोकळे सोडले.

एक गोष्ट विषयाच्या कडेची, पण खरेदीदाराच्या जबाबदारीशी संबंधित. सेराडोत सोयाबीन आपोआप आले नाही. १९७२ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावरील अँकोव्ही मासळी कोसळली, माशांच्या भुकटीचा तुटवडा पडून पेंडेला मागणी आली, आणि जून १९७३ मध्ये अमेरिकेने काही काळासाठी सोयाबीनची निर्यात रोखली. अमेरिकेवर अवलंबून असलेल्या जपानने मग ब्राझीलमध्ये भांडवल घातले, १९७९ पासून सेराडोत दोन्ही देशांचा संयुक्त कार्यक्रम चालला, आणि १९७३ मध्येच स्थापन झालेल्या एम्ब्रापा या संशोधन संस्थेने आम्लयुक्त मातीत चुना घालून आणि उष्ण कटिबंधातील दिवसमानाला जुळणारे वाण काढून तेथे पीक उभे केले. दूरच्या खरेदीदाराच्या एका निर्णयाने एवढा प्रदेश पालटू शकत असेल तर खरेदीदाराच्या हातात काही नाही, हे म्हणणे पटत नाही.

सध्याची स्थिती चिंताजनक आहे. माटो ग्रोसो राज्याने २०२४ मध्ये अशा करारात सहभागी कंपन्यांच्या करसवलती काढून घेणारा कायदा केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ब्राझीलच्या स्पर्धा नियामकाने हा करार म्हणजे खरेदीदारांची संगनमताने केलेली कोंडी असल्याचे सांगून तो स्थगित करण्याचा आदेश दिला. प्रकरण त्यानंतर न्यायालयांत गेले. सगळ्यांनी मिळून नाकारणे हेच ज्याचे बळ होते, तेच आता आरोपपत्र झाले आहे.

औसा_तालुका

दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत. मी सोयाबीन उत्पादक आहे आणि मला यात एक बाजू दिसत नाही.

ब्राझीलच्या शेतकऱ्यांच्या संघटना त्या कराराविरुद्ध का गेल्या, याचा विचार येथे कोणी केला नाही. त्यांचे म्हणणे असे की देशाच्या कायद्याने आम्हाला वीस टक्के जमीन साफ करण्याचा हक्क दिला आहे, आम्ही परवाना घेतला आहे, आणि तरीही काही परदेशी कंपन्या बसून ठरवतात की तुमचा माल घ्यायचा नाही, तेव्हा ऐंशी टक्के जमीन राखण्याची किंमत कोणी द्यायची? हजारो हेक्टरांच्या त्या मालकांविषयी मला सहानुभूती वाटण्याचे कारण नाही. त्यांच्या एका कोठारात आमच्या मंडळाचे सोयाबीन मावेल. तरीही प्रश्न रास्त आहे. राखण्याची जबाबदारी पिकवणाऱ्यावर आणि राखल्याचे समाधान खाणाऱ्याला, असा हा व्यवहार आहे. क्रेडिटच्या पद्धतीला आपण नावे ठेवली, पण त्यात निदान पैसा शेतापर्यंत जातो.

आता आपल्याकडचे. आमच्याकडे सोयाबीनसाठी कोणी अरण्य तोडलेले नाही. ज्वारी, मूग, उडीद गेले आणि त्या जागी सोयाबीन आले. आपले वाण जनुकीय बदल केलेले नाहीत, शेते दोन-चार एकरांची आहेत, आणि युरोपच्या त्या कायद्याखाली भारत कमी जोखमीच्या देशांच्या यादीत आहे. एवढे सगळे असून बाजारात त्याला काय मिळते? २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला, आणि ऐन हंगामात मोंढ्यावर भाव चार हजारांच्या आसपास फिरत होता. ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की कटती वेगळी. सरकारी खरेदी केंद्राची नोंदणी, बारदाना आणि रांग हा आणखी वेगळा विषय आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये दहा हजारांपर्यंत गेलेला भाव पाहून ज्यांनी सगळे रान सोयाबीनला दिले त्यांची अवस्था येथे लिहीत नाही. त्याच वर्षी जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करण्यास परवानगी मिळाली आणि डिसेंबरमध्ये वायदे बंद झाले.

शाश्वतता हा शब्द आमच्या बांधावर येतो तेव्हा त्याचा अर्थ जमिनीशी असतो. वर्षानुवर्षे खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा घेतल्यावर उतारा घसरतो, पिवळा मोझॅक रोग येतो, आणि पावसाने पंधरा दिवस दडी मारली की शेंगा भरत नाहीत. भारताची सरासरी उत्पादकता हेक्टरी एक टनाच्या आसपास आहे, ब्राझीलची साडेतीन टनांच्या जवळ. हा फरक फक्त बियाण्याचा नाही. त्यांच्याकडचा लांब, खात्रीचा पाऊस, चुना-स्फुरदावरचा खर्च आणि यंत्रे हे सगळे त्यात आहे. रुंद वरंबा सरीवर पेरणी केली तर ताणात आणि अतिपावसात पीक तग धरते, हे आम्ही पाहिले आहे, पण यंत्र भाड्याने वेळेवर मिळत नाही.

म्हणून प्रश्नकर्त्या ताईंना विनंती आहे की बैठकीत 'विदेशी तेल जंगल तोडून येते' एवढेच मांडू नये. ते तेल स्वस्त का पडते आणि ते आल्यावर लातूरचा भाव का बसतो, हेही मांडावे.

अस्मिता_नाशिक

तिन्ही प्रतिसादांबद्दल आभार. औसा तालुक्यातील दादांचा मुद्दा मांडणीत नक्की घेते.

एक शंका राहिली. सोयाबीन मुख्यतः पेंडेसाठी पिकवले जाते असे रॉटरडॅमकर यांनी लिहिले आहे. मग तेल विकत घेणाऱ्याची जबाबदारी कितपत धरायची? पेंड कोणीतरी घेणारच असेल, तर तेल आम्ही घेतले काय आणि न घेतले काय, तेथील तोडीत फरक पडतो का?

आकडेमोड

हा प्रश्न हिशेबाने पाहू.

५५ लाख टन तेल काढायचे तर, दाण्यातून सरासरी एकोणीस टक्के तेल धरून, सुमारे २ कोटी ९० लाख टन दाणा गाळावा लागतो. हेक्टरी तीन टन उतारा धरला तर हे क्षेत्र पंचाण्णव लाख हेक्टरांहून अधिक भरते, म्हणजे महाराष्ट्रातील सोयाबीनच्या क्षेत्राच्या सुमारे दुप्पट. पण त्याच दाण्यातून निघालेली पेंड दुसऱ्याने खाल्ली, तेव्हा सगळे क्षेत्र आपल्या नावावर लिहिणे अन्यायाचे आहे. वजनाने वाटणी केली तर आपल्या वाट्याला अठरा-एकोणीस लाख हेक्टर येतात. वाटणी किमतीने केली, आणि तेलाचा गाळपाच्या उत्पन्नातील वाटा चाळीस टक्के धरला, तर अडतीस लाख हेक्टरांच्या आसपास. मला किमतीची वाटणी अधिक योग्य वाटते, कारण शेतकरी वजनासाठी पेरत नाही, गाळपदाराकडून मिळणाऱ्या पैशासाठी पेरतो, आणि तो पैसा पेंड व तेल या दोन्हींतून येतो.

हा चाळीस टक्क्यांचा वाटा स्थिर नाही, हे येथे निर्णायक आहे. ब्राझीलने ऑगस्ट २०२५ पासून डिझेलमध्ये पंधरा टक्के जैवडिझेल मिसळणे बंधनकारक केले आणि त्याचा मुख्य कच्चा माल सोया तेल आहे. अमेरिकेतही इंधनासाठी सोया तेलाची मागणी वाढली आहे. तेल महाग आणि पेंड मुबलक अशी स्थिती आली की गाळप तेलासाठी चालते आणि पेंड उपउत्पादन होते. तेव्हा 'पेंड कोणीतरी घेणारच' हा युक्तिवाद उलटा फिरतो.

शिवाय आपण या बाजारातले किरकोळ गिऱ्हाईक नाही. भारत जगातील सर्वांत मोठा सोया तेल आयातदार आहे आणि अर्जेंटिना सर्वांत मोठा निर्यातदार. त्यांच्या तेलाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आपणच.

येथे अर्जेंटिना आणि ब्राझील यांत फरक करायला हवा, जो वरच्या प्रतिसादांत आला नाही. अर्जेंटिनाचे बहुतांश सोयाबीन कोर्दोबा, सांता फे आणि ब्युनोस आयर्स या प्रांतांतील जुन्या पंपास, म्हणजे सपाट गवताळ प्रदेशातील, शेतजमिनीवर होते. तेथे प्रश्न जंगलाचा कमी आणि एकाच पिकाचा व तणनाशकाचा अधिक आहे. ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणारे सोयाबीन त्यांनी १९९६ मध्येच स्वीकारले आणि आता त्याला न जुमानणारी तणे वाढली आहेत. जंगलाचा धोका उत्तरेला, साल्ता, सांतियागो देल एस्तेरो, चाको आणि फोर्मोसा या प्रांतांतील ग्रान चाको प्रदेशात आहे. २००७ च्या वन कायद्याने तेथील जंगल लाल, पिवळ्या आणि हिरव्या पट्ट्यांत विभागले, तरी बेकायदा तोड थांबली नाही. भर म्हणून रोसारिओच्या परिसरातील पाराना नदीकाठचे कारखाने पराग्वेचा दाणाही आणून गाळतात, त्यामुळे पिंपावर अर्जेंटिना लिहिले असले तरी दाणा सगळा तेथला असेलच असे नाही.

युरोपच्या कायद्याची तयारी म्हणून अर्जेंटिनाच्या उद्योगाने विसेक नावाची नोंदणी व्यवस्था उभी केली आहे, ज्यात शेताचे स्थान आणि तोडीची पडताळणी होते. म्हणजे माहिती गोळा करण्याचा खर्च बराचसा झालेला आहे. भारतीय आयातदार मूठभर मोठ्या कंपन्या आहेत; त्यांनी तीच माहिती मागितली तर वाढीव खर्च माझ्या अंदाजाने किरकोळ असेल. आज ते मागत नाहीत, कारण त्यांना कोणी विचारत नाही.

औसा_तालुका

आकडेमोड यांचा हिशेब पटला. त्यात एक भर घालतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून वीस टक्के केले आणि मे २०२५ अखेर ते दहा टक्क्यांवर आणले. हे शुल्क महागाई आणि निवडणुका पाहून वरखाली होते. हेच शुल्क तोडमुक्त असल्याचा पुरावा असलेल्या तेलाला कमी आणि पुरावा नसलेल्याला अधिक ठेवता येईल का, हे जाणकारांनी सांगावे. मात्र कमी म्हणजे आमच्या हमीभावाखाली बाजार जाईल इतके कमी नसावे.

भूगोलवाला

शुल्कातील असा भेद जागतिक व्यापार नियमांत वादाचा ठरू शकतो, कारण माल एकच आणि फरक फक्त उत्पादनाच्या पद्धतीचा, या कारणावरून यापूर्वी मोठे तंटे झाले आहेत. युरोपच्या कायद्यालाही ब्राझीलसह अनेक देशांनी याच मुद्द्यावर हरकत घेतली आहे. अशक्य आहे असे मी म्हणणार नाही; पण शुल्कापेक्षा सरकारी किंवा संस्थात्मक खरेदीतील अट कदाचित सोपी जाईल. एक दक्षता मात्र घ्यावी. अट फक्त जंगलाची ठेवली तर आपणही युरोपसारखे सेराडोला बाहेर ठेवू. 'मूळ वनस्पती' असा शब्दप्रयोग असावा.

रॉटरडॅमकर

अस्मिताताई, आपल्या गटाला एखाद्या तेल कंपनीला पत्र लिहायचे असेल तर 'तुमचे तेल शाश्वत आहे का' असे विचारू नका. त्याला छापील उत्तर येते. गेल्या वर्षी आयात केलेल्या कच्च्या सोया तेलापैकी किती कोणत्या देशातून आणि कोणत्या गाळप कारखान्यातून आले, त्या कारखान्याकडे दाण्याच्या उगमाची जिल्हानिहाय नोंद आहे का, आणि तोडीची अंतिम तारीख, म्हणजे जिच्यानंतर तोडलेल्या जमिनीवरचा माल चालत नाही ती, त्यांनी कोणती मानली आहे, हे विचारा. अंतिम तारीख न सांगता दिलेली कोणतीही हमी निरर्थक असते, कारण २००८ धरली तर जे शेत नापास होते ते २०२० धरल्यावर पास होते. कारखान्याचे नाव कंपनीला बिल ऑफ लेडिंग (जहाजात चढवलेल्या मालाची पावती) आणि करारपत्रांवरून ठाऊक असते. ते देण्यास नकार आला तर तोही बैठकीत वाचून दाखवण्यासारखा आहे.

उत्तरे आली तर येथे टाका. पारानाकाठच्या कारखान्यांची नावे आणि त्यांची दाण्याची क्षेत्रे जुळवून पाहण्यात मी मदत करू शकेन.